आई, आजी आणि लेखिका : लक्ष्मीबाई टिळक

आमच्या दुधनीत मराठी आणि कानडी दोन्ही भाषा कानांवर पडतात. दोन्हींत आज्या गोष्टी सांगतात. पण त्या लिहून ठेवाव्यात, असे कुणाच्या मनात येत नाही. अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळा ठाऊक नव्हती. लिहिणे-वाचणे आले ते सासरी. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सोवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह एकट्या पडल्या. त्या वियोगातील काही काळ आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात गेला. पुढे त्या पतीकडे परतल्या. पण धर्म लगेच बदलला नाही. आधी स्वतः विचार करून जातिभेद टाकला आणि मगच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. अनाथ मुलांच्याही त्या आई झाल्या.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचून पुढे नेले. मुलाने, देवदत्ताने, वडिलांच्या आठवणी लिहून मागितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्मास आली. पहिला भाग १९३४ साली निघाला. पतीचा तापटपणा आणि स्वतःची फजिती त्यांनी सारख्याच मोकळेपणाने सांगितली.

१९३६ साली त्या गेल्या. शेवटचा भाग मुलाने पुरा केला. संपूर्ण आवृत्ती नातवाने, अशोक टिळकांनी, संपादिली. मुलाने मागितल्या, म्हणून त्या आठवणी उरल्या. आपणही घरी मागून पाहावे.