जगभरातून बियाणं जमवणारा शास्त्रज्ञ तुरुंगात उपाशी मेला

दुष्काळ रशियाच्या पाचवीलाच पुजलेला. १८८७ मध्ये मॉस्कोत जन्मलेले निकोलाय वाविलोव शेतीशास्त्र शिकले आणि पुढच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे गेले. ‘जेनेटिक्स’ हा शब्द दिला तो याच बेटसन यांनी.

वाविलोव यांचं म्हणणं साधं होतं. एखादं पीक जिथलं मूळचं, तिथंच त्याचे सर्वाधिक प्रकार सापडतात. त्यातल्या एखाद्यात रोगाला किंवा पाण्याच्या ताणाला तोंड देण्याचा गुण असतो. संकर करून तो गुण आपल्या पिकात आणायचा. त्यासाठी ते अफगाणिस्तान, इथिओपिया, लॅटिन अमेरिका फिरले. (आपल्या वांग्याचं मूळ त्यांनी भारतातच धरलं होतं.) लेनिनग्राडच्या संस्थेत दोन लाखांहून जास्त नमुने जमले.

पण संकराच्या कामाला वर्षं लागतात. ट्रोफिम लिसेन्कोनं झटपट पिकाचं गाजर दाखवलं. तो जनुकंच मानत नव्हता, तरी स्टालिनला तोच पटला. वाविलोव यांनी माघार घेतली नाही. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करतानाच त्यांना अटक झाली. आरोप काय, तर हेरगिरी आणि घातपात! आधी मृत्युदंड, नंतर २० वर्षांची कैद.

तिकडे जर्मन सैन्यानं लेनिनग्राडला वेढा घातला. संस्थेतले सहकारी भुकेनं मेले, पण जपलेल्या तांदळाला, शेंगदाण्याला त्यांनी हात लावला नाही.

२६ जानेवारी १९४३ रोजी वाविलोवही सारातोवच्या तुरुंगात गेले, उपासमारीनंच. याच शहरात ते एकेकाळी प्राध्यापक होते. १९५५ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.