करुणा आणि विवेक

महामना पंडित मदनमोहन मालवीय यांचा जन्म २५ डिसेंबर १८६१ रोजी तीर्थराज प्रयाग येथे झाला. त्यांचे पिताजी पंडित ब्रजनाथजी हे श्रीमद्भागवताचे कथावाचक होते. घरी द्रव्य अल्प, परंतु भगवत्कथेचा सहवास अखंड. परदुःखाने द्रवणारे अंतःकरण त्यांना अशा रीतीने वारशानेच लाभले. पुढे १८९३ पासून ते अलाहाबादच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. पुराव्यावाचून काही मानावयाचे नाही, ही शिस्त तेथे त्यांच्या बुद्धीस लागली. व्यवसाय भरभराटीस आला असता त्यांनी तो लोककार्यासाठी सोडला. त्यांच्या परिश्रमांनी १९१६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली.

फेब्रुवारी १९२२ मध्ये गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे क्षुब्ध जमावाने पोलीस ठाणे पेटविले. वीसहून अधिक पोलीस प्राणांस मुकले. त्या हिंसेने व्यथित होऊन महात्मा गांधींनी असहकाराचे आंदोलन स्थगित केले. जानेवारी १९२३ मध्ये सत्र न्यायालयाने १७२ आरोपींस देहांताची शिक्षा फर्मावली. त्यांत बहुसंख्य गरीब खेडूत होते.

अशा प्रसंगी मनुष्याची बुद्धी दोन्ही बाजूंनी ढळू शकते. मृत पोलिसांविषयीचा शोक क्रोधाचे रूप घेऊन सर्वांनाच सुळावर चढवू पाहतो; आणि आंधळी दया घडलेल्या पापाकडेच डोळेझाक करते. मालवीयजींनी यांतील एकही मार्ग धरला नाही. हत्येचे समर्थन त्यांनी केले नाही. परंतु इतक्या जीवांचा प्रश्न समोर असता स्वस्थ बसणेही त्यांना धर्म्य वाटले नाही. सोडलेला वकिलीचा झगा त्यांनी पुन्हा अंगावर चढविला आणि उच्च न्यायालयात आरोपींची बाजू मांडली.

करुणेने त्यांना न्यायालयाच्या दारापर्यंत आणले; आत मात्र अश्रूंचा उपयोग नव्हता. तेथे साक्षी-पुरावा पारखणे आणि युक्तिवाद करणे अवश्य होते. जमाव एक दिसला, तरी त्यातील प्रत्येकाचे कर्म एक नसते, आणि दंड तर ज्याच्या त्याच्या कर्माचाच व्हावयास हवा. एप्रिल १९२३ च्या निकालात १९ जणांची फाशी कायम राहिली, ३८ जण निर्दोष सुटले आणि इतरांना जन्मठेप अथवा कमी मुदतीची कैद झाली. सुमारे दीडशे माणसांच्या गळ्यातील फास निघाला. ते १९ मात्र वाचले नाहीत. मनुष्याचा अधिकार कर्मावर, फळावर नव्हे, याचीच ही साक्ष होय.

१२ नोव्हेंबर १९४६ रोजी काशीक्षेत्री महामनांनी देह ठेवला. २०१५ साली राष्ट्राने त्यांना मरणोत्तर भारतरत्न अर्पण केले.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे हृदय द्रवले, हा काही त्याचा दोष नव्हे. त्या द्रवण्यात बुद्धी बुडाली, हा दोष. भगवंतांनी त्याचे हृदय कठोर केले नाही, तर त्याची बुद्धी स्थिर केली. गृहस्थाच्या घरीही पुत्राचा अपराध, भावाभावांतील वाटणी, सेवकावरील आरोप असे प्रसंग येतातच. त्या वेळी कोणाचे दुःख आहे हे हृदयाने ओळखावे, सत्य काय आहे हे बुद्धीने शोधावे, आणि दोहोंची साक्ष पटल्यावाचून निर्णय देऊ नये.