कर्नल नायडू

मुंबईच्या जिमखान्याचे मैदान मोठे बहुरूपी आहे. पावसाळ्यात तेथे रग्बीचा खेळ रंगतो. चिखलाने माखलेले पंधरा-पंधरा गडी अंड्याच्या आकाराच्या चेंडूसाठी एकमेकांवर तुटून पडतात. चेंडू हाताने मागच्या सोबत्याकडेच द्यावयाचा, पुढे फेकावयाचा नाही, असा त्या खेळाचा दंडक. अमेरिकेत रग्बीपासूनच जो फुटबॉल निघाला, त्यात मात्र चेंडू पुढेही फेकता येतो. आणि तेथील टक्कर इतकी जबर, की खेळाडू शिरस्त्राण घालून उतरतात. आपल्या हुतूतूतही अंगाला अंग भिडतेच. परंतु पावसाळा सरून त्याच मैदानावर शुभ्र वेषातील क्रिकेटपटू दिसू लागले, म्हणजे पाहणाऱ्यास वाटावे, हा किती निवांत खेळ! येथे कोणी कोणास शिवतसुद्धा नाही.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा खेळ ज्यांनी पाहिला, त्यांना असे कधी वाटले नसेल. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका तेलुगू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणही नागपुरातच झाले. १९१६ साली मुंबईत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम खेळले, तेव्हा संघाचे सात गडी बाद झाले होते. नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथ्यावर षटकार मारला! १९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्या पदरी घेतले, आणि पुढे ते कर्नल नायडू म्हणून ओळखले जाऊ लागले.

१९२६ साली इंग्लंडहून एम. सी. सी.चा संघ आला. जिमखान्यावर त्यांच्या अर्ल नावाच्या फलंदाजाने आठ षटकार मारून प्रेक्षकांना थक्क केले. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, नायडू मैदानात आले. टेटसारख्या नामांकित गोलंदाजांसमोर ११६ मिनिटांत त्यांनी १५३ धावा केल्या. त्यांत अकरा षटकार व तेरा चौकार होते. वार्ता शहरात पसरली आणि लोक मैदानाकडे धावले. जागा न मिळालेले झाडांवर व छपरांवर चढून बसले. भारतीयांनाही कसोटी सामने खेळता येतील, हा विश्वास या दौऱ्याने दिला. १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. पण स्वतःच्या खेळाची मर्यादा ओळखून त्यांनी ते सोडले. राजेरजवाड्यांच्या त्या काळात हे औदार्य लहान नव्हे. नेतृत्व नायडूंकडे आले. अवघ्या १९ धावांत इंग्लंडचे तीन गडी बाद झाले. पुढे क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर दुखापत झाली. हुतूतूत एक गडी जायबंदी झाला, तर सोबती त्याला सावरून घेतात. बावीस यार्डांवरून येणाऱ्या कठीण चेंडूपुढे फलंदाज मात्र एकटाच उभा असतो. दुखऱ्या हाताने बॅट धरून नायडूंनी ४० धावा केल्या. पहिल्या डावात भारताकडून तेवढ्या कोणीच केल्या नाहीत. भारत १५८ धावांनी हरला.

१९५६ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. इतर खेळाडू ज्या वयात नातवंडांना खेळविण्यात रमतात, त्या एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामन्यांत बॅट घेऊन उतरत होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे ते निवर्तले.