तिन्हीसांजेचे कवी भा. रा. तांबे

आपल्या सोसायटीला यंदा २५ वर्षं झाली. या आनंदाच्या निमित्ताने स्मरणिकेसाठी माझ्या आवडत्या कवीविषयी चार शब्द लिहितो.

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली इथे झाला. आयुष्य गेलं मध्य भारतात. आजूबाजूला हिंदी, पण ते लिहीत राहिले मराठीत. राजपुत्रांना शिकवण्यापासून दिवाणगिरीपर्यंत त्यांनी संस्थानांत नोकऱ्या केल्या. म्हणजे आपल्यासारखेच नोकरदार, संसारी गृहस्थ. गाण्याची जाण अशी की, अनेक कवितांसोबत त्यांनी रागही नोंदवून ठेवले. १९३५ साली माधव जूलियन यांनी त्यांची समग्र कविता संपादित केली. पुढे ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेरलाच त्यांचं निधन झालं.

त्यांची बरीच गाणी घरोघरी पोचली ती मात्र नंतर, रेडिओवरून. ‘तिन्ही सांजा’ हे त्यातलं माझं सर्वांत लाडकं. चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा. प्रेमाचं गाणं, पण त्यात रुसवा नाही, विरह नाही, रूपाचं कौतुकसुद्धा नाही. एक पुरुष संध्याकाळी आपल्या सखीचा हात हातात घेतो आणि तिला वचन देतो. लग्नात अग्नीची साक्ष असते. इथे सूर्य, रात्र, वारा आणि दाही दिशा साक्षीला आहेत. भटजी नाही, वऱ्हाड नाही. इतकं हळू आवाजातलं प्रेम मराठीत फार थोड्यांना लिहिता आलं.

आमच्या पिढीत नवरा-बायकोने असं काही बोलून दाखवायची रीत नव्हती. बदलीच्या गावी संध्याकाळी रेडिओवर हे गाणं लागलं, की आमची ही देवापाशी दिवा लावता लावता आवाज थोडा वाढवायची आणि मी पेपर बाजूला ठेवायचो. बस, एवढंच. जे बोलायचं ते तांब्यांनी बोलून ठेवलं होतं. ती जाऊन आता चार वर्षं झाली. गाणं लागलं की आवाज मी वाढवतो.

आज टेंभुर्णीत हायवेवर रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ आहे. सोसायटीतली तरुण मंडळी एमआयडीसीतून, कारखान्यावरून दमून घरी येतात. त्यांनी कधीतरी जेवणाआधी टीव्ही बंद ठेवून हे गाणं दोघांनी मिळून ऐकावं. चार-पाच मिनिटांचं तर काम आहे.

तांब्यांची समग्र कविता माझ्याकडे आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी हक्काने न्यावी. फक्त परत करायची तारीख मी वहीत लिहून घेईन. बँकेतली सवय, ती काही सुटत नाही.