विश्लेषण : उजवा हात निकामी झालेला नेमबाज दोनदा ऑलिम्पिक विजेता कसा ठरला?

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये हंगेरीचे कारोय ताकाच यांनी रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात ५८० गुणांसह सुवर्णपदक जिंकले. तो जागतिक विक्रम होता आणि तो डाव्या हाताने झाला होता. दहा वर्षांपूर्वीपर्यंत ताकाच उजव्या हाताने नेमबाजी करत. समाजमाध्यमांवरील प्रेरणादायी व्हिडीओंत ही कहाणी दोन-तीन वाक्यांत संपते. पण हात बदलणे म्हणजे नेमके काय, आणि मधल्या दहा वर्षांत काय घडले?

१९३६ची संधी का हुकली?

ताकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. ते हंगेरीच्या लष्करात सार्जंट होते. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकपर्यंत ते अव्वल दर्जाचे पिस्तूल नेमबाज झाले होते. मात्र, ऑलिम्पिकला फक्त अधिकारी पदावरील सैनिकच जाऊ शकतील, असा लष्कराचा नियम होता. कौशल्य होते, पण हुद्दा आड आला. पुढे ही अट काढून टाकण्यात आली आणि ताकाच यांची नजर १९४०च्या ऑलिम्पिककडे लागली.

हाताला काय झाले?

१९३८मध्ये लष्करी सरावादरम्यान सदोष हातबॉम्ब त्यांच्या उजव्या हातातच फुटला. नेम धरणारा हात निकामी झाला. सुमारे महिनाभर ते रुग्णालयात होते. बाहेर पडल्यावर त्यांनी कोणाला फारसे न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९३९च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते दिसले, तेव्हा ते सामने पाहायला आले आहेत, असा सहकाऱ्यांचा समज झाला. ताकाच स्पर्धेत उतरले आणि जिंकलेही. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही ते होते.

हात बदलणे इतके अवघड का?

रॅपिड फायरमध्ये २५ मीटरवर शेजारी-शेजारी पाच लक्ष्ये असतात. प्रत्येकावर एक गोळी, अशा पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात. पिस्तूल एकाच हातात धरायचे, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. याच प्रकारात विजय कुमार यांनी २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताला रौप्यपदक मिळवून दिले.

चार सेकंदांत विचार करायला वेळ नसतो. हात उचलणे, ट्रिगर दाबणे, पुढच्या लक्ष्याकडे वळणे हे सारे सवयीनेच व्हावे लागते. हात बदलला की ही सवय पुन्हा पहिल्यापासून घडवावी लागते. उजव्या डोळ्याने नेम धरणाऱ्याला मान आणि खांद्याची ठेवणही बदलावी लागते.

पिस्तुलाचा यात काय संबंध?

या खेळातील पिस्तूल लष्करी पिस्तुलापेक्षा वेगळे असते. ट्रिगर हलका, डावी-उजवीकडे व खालीवर सरकवता येणारी दृष्टी-खाच आणि तळहाताच्या आकाराची लाकडी मूठ. बर्लिनमध्ये जर्मनीच्या कॉर्नेलियस फान ओयेन यांनी सुवर्ण जिंकले, ते वॉल्थर कंपनीच्या 'ऑलिंपिया' पिस्तुलाने. रॅपिड फायरसाठीच्या त्याच्या खास आवृत्तीत ०.२२ शॉर्ट ही सौम्य काडतुसे वापरली जात. धक्का कमी, म्हणून पुढच्या लक्ष्यावर लवकर येता येई. महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या हेमर्ली कंपनीने हीच रचना पुढे नेली.

कारखान्यातच खेळासाठी तयार झालेल्या अशा पिस्तुलांची मूठ आणि अंगठ्याचा आधार बहुधा उजव्या हातासाठीच असतो. डावखुऱ्याला वेगळी मूठ घडवून घ्यावी लागते. म्हणजे हाताबरोबर हत्यारही नव्याने जुळवावे लागते.

लंडनमध्ये काय घडले?

महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. लंडनला पोहोचले तेव्हा ताकाच ३८ वर्षांचे होते. विश्वविजेते अर्जेंटिनाचे कार्लोस दियास सायेन्स व्हॅलिएन्ते हे दावेदार मानले जात होते. त्यांनी ताकाच यांना इथे कशाला आलात, असे विचारले आणि ताकाच यांनी शिकायला आलो, असे उत्तर दिले, असा किस्सा सांगितला जातो. निकाल लागला तेव्हा ताकाच ५८०, तर व्हॅलिएन्ते ५७१ गुणांवर होते. आता तुमचे शिकून झाले, अशी कबुली व्हॅलिएन्ते यांनी दिली म्हणतात.

नंतरची कारकीर्द कशी होती?

१९५२मध्ये हेलसिंकीत ताकाच ५७९ गुणांसह पुन्हा जिंकले. या प्रकारातील सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकणारे ते पहिलेच. एका गुणाने मागे राहून रौप्य मिळवणारा १७ वर्षांचा सिलार्ड कुन हा त्यांचाच शिष्य होता. १९५६मध्ये मेलबर्नला ते आठवे आले. १९५८च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्य मिळवले. ५ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

शारीरिक व्यंग असूनही ऑलिम्पिक जिंकणारे ते पहिले, असा दावा केला जातो. तो बरोबर नाही. लाकडी पायाने खेळलेले अमेरिकेचे जिम्नॅस्ट जॉर्ज आयझर १९०४मध्येच जिंकले होते. ताकाच यांचे वेगळेपण दुसरे आहे. हुद्द्याचा नियम, स्फोट आणि महायुद्ध यांत मिळून त्यांची बारा वर्षे गेली. हातातले कौशल्य पुसले गेले, तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या हातात पहिल्यापासून उभे केले. पहिले ऑलिम्पिक खेळायला मिळेल की नाही, याचीही तेव्हा खात्री नव्हती.