ई. कोलायमधला ‘ई’

वाळूजजवळच्या बजाजनगरमधून रात्री-अपरात्री तापलेलं बाळ घेऊन कामगार जोडपी आमच्या अपघात विभागात येतात. तीन दिवसांचा ताप. सर्दी, खोकला, जुलाब काहीच नाही. आम्ही आधी लघवीचा नमुना मागतो आणि ते बुचकळ्यात पडतात. सहा महिन्यांच्या मुलीची लघवी धरायची तरी कशी? डायपर पिळून दिला तर चालेल का, असंही विचारतात. नाही चालत. का चालत नाही, ते समजायला एका जर्मन बालरोगतज्ज्ञाचं चरित्र उपयोगी पडतं. लघवीच्या कल्चर रिपोर्टवर ‘ई. कोलाय’ असं छापून येतं, त्यातला ‘ई’ म्हणजे हे डॉ. थिओडोर एशेरिक.

२९ नोव्हेंबर १८५७ रोजी बव्हेरियातल्या अन्सबाख गावी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते आणि तान्ह्या बाळांच्या मृत्यूंच्या आकडेवारीत त्यांना विशेष रस होता. आई मात्र थिओडोर पाच वर्षांचे असतानाच गेली. १८८१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८८४ मध्ये नेपल्समध्ये पटकीची साथ आली. तिचा अभ्यास करायला ते गेले आणि परतले ते जंतुशास्त्राचं वेड घेऊनच.

त्या काळी युरोपातही तान्ही मुलं जुलाबांनी पटापट दगावत. कारण शोधायचं तर आधी निरोगी बाळाच्या आतड्यात काय असतं ते कळायला हवं, असं एशेरिक यांनी ठरवलं. हा विचार मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. म्युनिकमध्ये त्यांनी आईच्या दुधावरच्या धडधाकट बाळांची शी तपासायला घेतली. जन्मानंतरच्या पहिल्या काळ्या शीत सुरुवातीला जंतू दिसत नसत, पण काही तासांतच ते येऊ लागत. त्यातला एक आखूड काडीसारखा, भराभर वाढणारा जंतू त्यांनी वेगळा केला. १४ जुलै १८८५ रोजी म्युनिकच्या वैज्ञानिक सभेत त्यांनी हे काम मांडलं तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. जंतूला नाव दिलं ‘बॅक्टेरियम कोलाय कम्युन’, म्हणजे मोठ्या आतड्यातला नेहमीचा जंतू.

१८९० मध्ये ते ऑस्ट्रियातल्या ग्राझला प्राध्यापक म्हणून गेले. मूत्राशयाला सूज आलेल्या लहान मुलींच्या लघवीत त्यांना हाच जंतू भेटला आणि १८९४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा हा जंतू मूत्रमार्गात शिरला की आजार करतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड आणि शीच्या जागेला लागून, म्हणून त्यांना धोका जास्त.

आमची अडचण इथेच सुरू होते. जो जंतू लघवीत शोधायचा, तोच डायपरमध्ये आणि जांघेतल्या कातडीवर आधीपासून असतो. डायपर पिळला किंवा चिकटवायची पिशवी लावली, तर सापडलेला जंतू मूत्राशयातला की बाहेरचा, हे सांगता येत नाही. पिशवीतली लघवी स्वच्छ निघाली तर दिलासा मिळतो; पण जंतू निघाले तर त्यावर विसंबता येत नाही. चूक दोन्हीकडे महाग पडते. खरा संसर्ग सुटला तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात; खोटा धरला तर बाळाला विनाकारण अँटिबायोटिक आणि पुढच्या तपासण्या.

म्हणून जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत थेट झेलावी. ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला गॉज हळूहळू फिरवला तर मदत होते. ऑस्ट्रेलियात १ ते १२ महिन्यांच्या ३५४ बाळांवर याचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी लघवी केली. गॉज न फिरवलेल्यांपैकी १२ टक्क्यांनी. बाळ मलूल असेल तर आम्ही वाट पाहत नाही, बारीक नळी घालून लघवी काढतो. आई-वडील घाबरतात, पण ते मिनिटभराचं काम असतं. एक विनंती मात्र आहे. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक आधीच पाजून आणू नका. मग कल्चरमध्ये जंतू वाढतच नाही आणि आम्ही अंधारात राहतो.

१९०२ मध्ये एशेरिक व्हिएन्नाच्या सेंट अ‍ॅना बालरुग्णालयात गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी तान्ह्या बाळांच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि आईच्या दुधाचा जोरदार प्रचार केला. इतक्या मुलांवर उपचार करणाऱ्या या डॉक्टरांचा स्वतःचा मुलगा लिओपोल्ड दहा वर्षांचा असताना अपेंडिक्सच्या आजाराने गेला. १५ फेब्रुवारी १९११ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, पक्षाघाताने एशेरिक यांचं निधन झालं. जंतूला त्यांचं नाव द्यावं असं १९१९ मध्ये सुचवलं गेलं. अधिकृत मान्यता मिळायला १९५८ उजाडलं.