तपोवनचे दाजीसाहेब

अमरावतीचे तपोवन तुम्हाला माहीतच आहे. ते उभारले डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी. त्यांचा जन्म १८९२ चा. ते अमरावतीत होमिओपॅथीचे डॉक्टर होते.

त्या काळी महारोग झाला की घरचेसुद्धा माणसाला घराबाहेर काढत. दाजीसाहेबांनी १९४६ साली अशा लोकांसाठी तपोवन सुरू केले. तिथे त्यांना औषध मिळाले, राहायला घर मिळाले आणि हाताला कामही मिळाले. १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली ते वारले.

या रोगात हातपाय बधिर होतात. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे वाटते. पण तसे नसते बरं! जखम आतून चिघळत जाते. म्हणून रोग्याने रोज तळपाय पाहावेत. दिसत नसतील तर आरसा धरावा. जखम धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी. अनवाणी चालू नये. गरम भांडे फडक्यानेच धरावे.

आता हा रोग औषधाने बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लवकर दाखवा.

दाजीसाहेबांना आमचा नमस्कार!